महाराष्ट्रात सेकंड हँड गाडी घेताय? आरसी नावावर होईपर्यंतच्या सगळ्या स्टेप्स

सेकंड हँड गाडी बघायला जाताना आपण ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो, टायर बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, एक राउंड मारून येतो, आणि कागदांचा विषय निघाला की समोरचा म्हणतो पेपर सगळे क्लिअर आहेत, आणि आपण मान डोलावतो. मी आधी एक स्कूटर आणि नंतर घरासाठी कार अशा दोन्ही जुन्याच घेतल्या, दोन्ही वेळा नावावर करायचं काम स्वतः केलं, आणि तेव्हापासून नात्यातलं, ऑफिसमधलं कोणी ना कोणी फोन करून तेच तेच प्रश्न विचारतं. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. हे खाजगी टू-व्हीलर आणि कारसाठी आहे, टॅक्सी, टेम्पो, ट्रकचे परमिट-फिटनेसचे नियम वेगळे असतात.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी रजिस्टर आहे तो. पैसे कोणी दिले, चावी कोणाकडे आहे, गाडी कोणाच्या पार्किंगमध्ये उभी असते, याने ते बदलत नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये हेच सांगितलं. त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात विकली गेली होती पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटवर, पहिल्याचंच नाव राहिलेलं, मग त्या गाडीने अपघात झाला, त्यात जीव गेला, आणि भरपाईची जबाबदारी कोर्टाने त्या पहिल्या माणसावर टाकली. त्यामुळे हा लेख घेणाऱ्यांइतकाच विकणाऱ्यांसाठीही आहे, उलट विकणाऱ्यांनी तर जास्त नीट वाचावा.

१. भाव ठरवायच्या आधी गाडीचा नंबर मागा

गाडी आवडली की लगेच इसार देऊ नका. आधी नंबर घ्या आणि सरकारच्या परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमध्ये टाका. रजिस्ट्रेशनची तारीख, फ्युएल, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत, बँकेचं नाव आहे का, आरसीचं स्टेटस अ‍ॅक्टिव्ह आहे का, हे तिथे दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं पण समोरच्या माणसाचं नाव त्यात बसतंय का एवढं कळतं.

मग मूळ आरसी हातात घ्या. फोटो नको, झेरॉक्स नको. आणि हे एकेक जुळवा:

- चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. गाडीवर प्रत्यक्ष शोधून, गरज पडली तर फडक्याने पुसून, आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवायचं. एखादं अक्षर खोडलेलं, घासलेलं किंवा पुन्हा ठोकल्यासारखं वाटलं तर तिथूनच परत फिरा.
- फ्युएल. कारला नंतर सीएनजी किट बसवलं असेल तर आरसीवर पेट्रोल/सीएनजी अशी नोंद हवी. नुसतं पेट्रोल लिहिलं असेल तर ते किट कागदावर नाहीच, आणि उद्या क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले पहिलं हेच काढतात.
- रंग. गाडी रंगवून घेतलेली असते आणि आरसीवर जुनाच रंग असतो, असं टू-व्हीलरमध्ये बरंच बघायला मिळतं.
- ओनर सिरीयल, म्हणजे गाडीचा हा कितवा मालक. फर्स्ट ओनर म्हणून सांगितलं आणि आरसीवर ३ लिहिलंय तर मग बाकी काय काय खोटं सांगितलं असेल याचा विचार करा.
- आरसीची व्हॅलिडिटी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, नंतर गाडी दाखवून ५ वर्षांसाठी रिन्यू करावी लागते. जुन्या गाड्यांची रिन्यूअल फी एप्रिल २०२२ पासून खूप वाढली, आणि वर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे तेरा-चौदा वर्षांची कार स्वस्तात मिळाली तरी हा खर्च तुमच्यावर लगेच येणार, तो धरूनच भाव करा.

समोर बसलेला माणूस आरसीवरचाच आहे का, हे आधार किंवा लायसन्स बघून खात्री करा. 'गाडी माझ्या मित्राची आहे, तो बाहेरगावी असतो, सही आणून देतो' असं म्हणाले तर त्या मित्राशी व्हिडिओ कॉलवर तरी बोला, कारण पुढे ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जाणार आहे आणि तो नाही मिळाला की सगळं तिथेच थांबतं.

२. बोजा आहे का ते बघा

लोनवर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असतं, म्हणजे एचपी, आपण बोजा म्हणतो तो. लोन फेडून वर्ष झालं तरी बोजा आपोआप उतरतो असं धरून चालू नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवावा लागतो आणि बऱ्याच जणांनी लोन संपल्यावर एनओसी कपाटात ठेवून दिलेली असते.

त्या एनओसीवर मुदत छापली आहे का बघा, बऱ्याच बँका छापतात आणि मुदत गेलेली चालत नाही, मग विकणाऱ्याला परत बँकेत जाऊन नवीन आणावी लागते. लोन अजून चालू असेल आणि समोरचा म्हणत असेल की तुमच्या पैशातूनच फेडतो, तर पैसे त्याच्या हातात देऊ नका, त्याच्यासोबत बँकेत जा, फोरक्लोजरची, म्हणजे मुदतीआधी लोन बंद करायची रक्कम थेट लोन खात्यात भरा आणि पावती घ्या.

३. मागचं थकलेलं विकणाऱ्याकडून मिटवून घ्या

ई-चलन: महाट्रॅफिकच्या ई-चलन साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकले की सगळी पेंडिंग चलनं फोटोसकट दिसतात. पुण्या-मुंबईच्या टू-व्हीलरवर दहा-पंधरा चलनं निघणं यात काही विशेष नाही. एक तर ती भरून घ्या नाहीतर तेवढी रक्कम भावातून कमी करा, पण अर्जाच्या आधी भरलेली हवीत.

एचएसआरपी: १ एप्रिल २०१९ च्या आधी रजिस्टर झालेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावून घेणं महाराष्ट्रात सक्तीचं झालंय, आणि ती नसेल तर नावबदल, पत्ताबदल, बोजा ही कामं आरटीओत अडवली जातात. टू-व्हीलरला ४५० आणि कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी असा दर ठरलेला आहे. बुकिंग करताना परिवहन खात्याच्या वेबसाइटवरून लिंकने आत जा, गुगलवर सर्च करून जो पहिला रिझल्ट येईल त्यावर पैसे भरू नका, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट्स निघाल्यात आणि लोकांचे पैसे गेलेत.

पीयूसी आणि इन्शुरन्स दोन्ही चालू हवेत, नसले तर अर्ज पुढे सरकत नाही. निदान थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा इन्शुरन्स तरी हवाच.

४. कागद जमवा

- मूळ आरसी
- फॉर्म २९, दोन प्रती. हा विकणाऱ्याने द्यायचा, मी गाडी अमक्याला विकली असं कळवण्याचा.
- फॉर्म ३०. यात विकणारा आणि घेणारा दोघांचाही भाग आणि दोघांच्याही सह्या असतात.
- बोजा असेल तर फॉर्म ३५ दोन प्रती आणि बँकेची एनओसी. तुम्ही स्वतः लोन काढून घेत असाल तर तुमचा बोजा चढवायला फॉर्म ३४.
- चालू इन्शुरन्स आणि पीयूसी
- घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा. आधारवर सध्याचा पत्ता असेल तर सगळ्यात सोपं. भाड्याने राहत असाल तर रजिस्टर केलेला भाडेकरार जवळ ठेवा.
- दोघांचं पॅन, नसेल तर फॉर्म ६०
- पासपोर्ट साइज फोटो
- चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. कागद नंबरावर ठेवून वरून पेन्सिल घासायची की आकडे उमटतात. टू-व्हीलरवर हे घरी जमतं, कारमध्ये नंबर अडचणीच्या जागी असतो म्हणून गॅरेजवाल्याकडून काढून घ्या.

विकणाऱ्याची सही आरटीओच्या रेकॉर्डवरच्या सहीसारखीच हवी. दहा वर्षांपूर्वी मराठीत केलेली सही आणि आता इंग्रजीत केली तर काउंटरवरून कागद परत येतात.

आरसीच हरवली असेल तर आधी पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६ भरून विकणाऱ्याने डुप्लिकेट काढायची, मग नावबदल. 'आरसी हरवलीय पण गाडी माझीच आहे, तुम्ही घेऊन जा मग बघू' यावर पैसे देऊ नका. आरसी फायनान्सवाल्याकडे अडकलेली असू शकते.

५. ऑनलाइन अर्ज, आणि ओटीपी येताना दोघं एकत्र बसा

परिवहन पोर्टलवर वाहनसंबंधी सेवा, मग महाराष्ट्र, मग गाडीचा नंबर. चेसिस नंबरचे शेवटचे ५ आकडे टाकले की रजिस्टर मोबाइलवर ओटीपी जातो. हा मोबाइल विकणाऱ्याचा असतो आणि इथेच निम्मे लोक अडकतात, कारण गाडी घेताना शोरूमवाल्याने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो किंवा मालकाने ते सिम कधीच बंद केलेलं असतं. म्हणून गाडी बघायला गेलात त्याच दिवशी विचारा की आरसीला कुठला नंबर लिंक आहे. बंद असेल तर त्याच पोर्टलवर मोबाइल नंबर अपडेट करायची सेवा आहे, विकणाऱ्याने ती आधी करून घ्यावी, आणि त्याच्या आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ते काम त्याच्याही आधी.

आत गेल्यावर ट्रान्सफर ऑफ ओनरशिप निवडा. घेणाऱ्याचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पत्ता, इन्शुरन्सचे डिटेल्स भरायचे. नाव आधारवर आहे तसंच्या तसं, स्पेलिंगसकट. पत्ता पूर्ण, विंग आणि फ्लॅट नंबरसह, कारण नवीन आरसी स्पीड पोस्टाने घरी येते आणि पोस्टमनला घर सापडलं नाही की ती परत जाते.

फी खूप नसते. केंद्रीय नियमांप्रमाणे नावबदलाची फी नोंदणी फीच्या निम्मी, म्हणजे टू-व्हीलरला १५० आणि कारला ३००, त्यावर स्मार्ट कार्डचे २०० आणि पोस्टेज वेगळे. लोनचा बोजा चढवायचा असेल तर टू-व्हीलरला ५०० आणि कारला १५०० वेगळे. हे आकडे लक्षात ठेवा, म्हणजे एजंटने चार हजार सांगितले तर त्यात सरकारी किती आणि त्याची मजुरी किती हे तुम्हाला कळेल. एजंट लावणं चूक नाही, वेळ नसेल तर जरूर लावा, फक्त अर्ज क्रमांक आणि फीची पावती स्वतःकडे घ्या आणि मोबाइल नंबर स्वतःचाच टाकायला लावा.

६. पैसे आणि चावी

माझा आग्रह असा की दोघांनी एका टेबलावर बसून अर्ज भरावा, ओटीपी टाकून फीची पावती निघावी, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या व्हाव्यात, आणि मग उरलेले पैसे आणि चावी. इसार म्हणून थोडे पैसे आधी दिले तर हरकत नाही. पूर्ण पैसे देऊन गाडी घरी आणली आणि नंतर विकणाऱ्याने फोन उचलायचा बंद केला तर तुमच्या हातात गाडी असते पण कागदावर काहीच नसतं. पेमेंट बँकेतून करा, पुरावा राहतो. आणि २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं इन्कम टॅक्सच्या नियमात बसत नाही, दंड रोख पैसे घेणाऱ्याला होतो, हे विकणाऱ्यालाही सांगा.

एका साध्या कागदावर विक्री पावती करा. गाडीचा नंबर, चेसिस, इंजिन नंबर, रक्कम, किलोमीटर रीडिंग, तारीख आणि वेळ, दोघांच्या सह्या, एक-दोन साक्षीदार, सोबत दोघांच्या आधारची झेरॉक्स. वेळ यासाठी की गाडी सकाळी सिग्नल तोडून आली आणि तुम्ही ती दुपारी घेतली, तर चलन कोणाचं यावर वाद नको. नाव बदलेपर्यंतच्या मधल्या दिवसांत हा कागद दोघांनाही वाचवतो. पण ही पावती म्हणजे मालकी नाही, नोटरी केलेली असली तरी नाही.

आता सगळ्यात मोठा सापळा. कोऱ्या टीटी (ट्रान्सफरच्या) फॉर्मवर सही. विकणारा फॉर्म २९-३० वर सह्या करून, बाकी सगळं रिकामं ठेवून देतो, घेणारा म्हणतो सावकाश करून घेतो, आणि गाडी त्या कोऱ्या फॉर्मवरच पुढे तिसऱ्याला, चौथ्याला विकली जाते. नातेवाइकांमध्ये एकाची जुनी मोटरसायकल अशीच गेली आणि काही वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलीस स्टेशनातून त्यांना बोलावणं आलं, गाडी एका गुन्ह्यात सापडलेली, आणि यांना ती कोणाला विकली त्याचं नावही धड आठवेना. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय सही करू नका, कितीही ओळखीचा माणूस असू दे.

७. आरटीओ

अर्जाची प्रिंट, पावती आणि कागद घेऊन आपल्या आरटीओत जमा करायचे. आधारवरून फेसलेस, म्हणजे ऑफिसात न जाता करायच्या पद्धतीने अर्ज केला असेल आणि तुमच्या केसला ती सोय लागू असेल तर कागद अपलोड करून काम होतं. स्टेटस अर्ज क्रमांकावरून दिसत राहतं. काही त्रुटी काढली तर तिथेच शेरा येतो, तो रोज नाही तर दोन-तीन दिवसांनी बघत जा, नाहीतर अर्ज तसाच पडून राहतो आणि तुम्ही पोस्टमनची वाट बघत बसता.

मुदत: कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातच विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडीचा नंबर बदलत नाही. कोल्हापूरची एमएच-०९ गाडी पुण्याच्या माणसाने घेतली तरी नंबर ०९ चाच राहतो. फक्त गाडीचं मूळ आरटीओ वेगळं असेल तर व्यवहाराच्या आधीच दोन्ही ऑफिसला विचारून घ्या की तिथली एनओसी लागेल का, लागणार असेल तर ती विकणाऱ्यानेच काढून द्यायची असं आधी ठरवा.

८. इन्शुरन्स

आरसी झाली की लोक थांबतात. पॉलिसीसुद्धा नावावर करायला लागते, विक्रीच्या तारखेपासून १४ दिवसांत कंपनीला कळवायचं. थर्ड पार्टीचं कव्हर कायद्याने गाडीसोबत येतं, पण तुमच्या गाडीचं स्वतःचं नुकसान झालं आणि पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावावर असेल तर क्लेम नाकारला जातो. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, हा गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो विकणाऱ्याकडे राहतो, त्याने कंपनीकडून पत्र घेतलं तर ३ वर्षांत दुसऱ्या गाडीला वापरता येतो. म्हणजे पॉलिसी नावावर करताना ५० टक्क्यांपर्यंतचा तो फरक तुम्हाला भरावा लागतो, मन तयार ठेवा.

९. विकणाऱ्यांनी एवढं नक्की करा

फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कटत राहील. फॉर्म २९ ची एक प्रत आरटीओत देऊन पोच घ्या. आणि महिन्याभराने स्वतः पोर्टलवर नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का बघा. नसेल बदललं तर घेणाऱ्याच्या मागे लागा, लाज वाटू देऊ नका, अजूनही मालक तुम्हीच आहात.

डीलरला विकत असाल तर एप्रिल २०२३ पासून नियम बदललेत. डीलर आरटीओकडून अधिकृत केलेला हवा आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं फॉर्म २९सी ने पोर्टलवर कळवायचं असतं, ते झालं की गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. गाडी सोडताना डीलरला सरळ विचारा, २९सी आत्ता माझ्यासमोर भरताय का. टाळाटाळ केली तर दुसरा डीलर बघा.

१०. थोड्या वेगळ्या केसेस

परराज्यातली गाडी: दिल्ली किंवा कर्नाटक पासिंगची गाडी स्वस्त दिसते. पण तिला मूळ आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते, मग इथे कर भरून फॉर्म २७ ने एमएच नंबर घ्यायचा, नवीन नंबर प्लेट लावायची. कर गाडीच्या वयाप्रमाणे बसतो आणि कारला तो चांगलाच असतो. तो आकडा आरटीओतून काढून घेतल्याशिवाय 'स्वस्त' या शब्दावर जाऊ नका. एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. चोरीची नोंद नाही ना, हे एनसीआरबी या देशभरातल्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर गाडीचे डिटेल्स टाकून बघता येतं.

मालक वारले असतील तर: मुलगा परस्पर विकू शकत नाही. आधी ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, मृत्यू दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जोडायची, आणि मग विक्री. वडिलांच्या नावाने कोणीतरी सही मारून दिलेली गाडी घेऊ नका, ती खोटी सही असते आणि उद्या दुसऱ्या भावाने तक्रार केली की गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात जाऊन पडते. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो, त्यामुळे वारसाचं काम बरंच सोपं होतं. गाडी तुमच्या नावावर झाली की तो लावून टाका.

नवीन आरसी घरी आली की पाकीट फोडून लगेच नाव, पत्ता, चेसिस, इंजिन, फ्युएल, व्हॅलिडिटी जुन्या आरसीच्या झेरॉक्सशी ताडून बघा आणि चूक असेल तर त्याच आठवड्यात अर्ज क्रमांक घेऊन आरटीओत जा. सगळं बरोबर असेल तर आरसी डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये घ्या, ती तपासणीत मूळ कागदासारखीच चालते, आणि कार्ड गाडीच्या डिकीत न ठेवता घरी ठेवा.